साहेबांची कोरडी खोली

मुकुंदरावांबद्दल चार चांगले शब्द बोलावेत, असं मला बऱ्याच जणांनी सुचवून पाहिलं आहे. परवाच घोडेगावच्या शाळेतले माझे एक जुने सहकारी भेटले. चहा पिता पिता म्हणाले, "काही म्हणा मॅडम, वस्तू जपावी तर तुमच्या त्या घरमालकांनी." मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ती खोली एकदाच, काचेच्या बाहेरून पाहिली होती. मी त्या खोलीच्या डोक्यावर भाड्याने राहिले आहे.

मुकुंदराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सगळी नोकरी धरणं आणि कालवे यांत गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घोडेगावात, तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला, दुमजली घर बांधलं. गाव त्यांना नुसतं 'साहेब' म्हणे आणि त्यांना ते आवडे. उंच, ताठ अंगलट, इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघायचे. मला आधी वाटलं, स्वभाव लाजरा असेल. नंतर कळलं, मागच्या भिंतीला ओल आली आहे का, ते बघत असतात.

आयुष्यभर लोकांच्या शेतात पाणी नेणाऱ्या या माणसाने म्हातारपणी पाण्याशी वैर धरलं होतं, आणि कारण होतं ती तळमजल्यावरची खोली. तिच्यात चार वाद्यं होती. एक पेटी, एका बदलून गेलेल्या अधिकाऱ्याकडून घेतलेली सतार, एक दिलरुबा आणि सगळ्यांत मोठा, मधोमध उभा केलेला तंबोरा. खोलीला बाहेरची खिडकी नव्हती. दाराला जाड काच, दाराच्या फटीला रबराची पट्टी, भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं घड्याळासारखं यंत्र आणि कोपऱ्यात हवेतलं पाणी ओढून घेणारं दुसरं मोठं यंत्र. ते सतत घुमायचं. त्या घुमण्याची मला इतकी सवय झाली होती की वीज गेली की झोपेतून जाग यायची.

यातलं एकही वाद्य साहेबांना वाजवता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना ते वाजवू देत नव्हते.

मी खोली बघायला गेले तो दिवस मला नीट आठवतो. शाळेत नव्यानेच बदलून आले होते. रविवार होता, न्हाऊन तशीच बाहेर पडले होते. भाड्याचं बोलणं झालं, वरची जागा पसंत पडली, आणि मग साहेब म्हणाले, "चला, तुम्हाला आमची खोली दाखवतो." मी चपला काढल्या. हात धुवायला सांगितले, धुतले. पुसायला सांगितले, पुसले. दाराशी गेल्यावर त्यांची नजर माझ्या डोक्यावर गेली.

"केस ओले आहेत तुमचे."

"हो, आत्ताच—"

"मग नको. वाळल्यावर या."

आणि त्यांनी किल्ली खिशात टाकली. मागे त्यांच्या पत्नी, सुमनताई, पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले आणि उघडले, एवढंच. त्या एका क्षणात आमची मैत्री झाली असं मला वाटतं.

घोडेगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या यंत्राचं महत्त्व कळेल. चार महिने डोंगराकडून ढग येतात आणि गावावर बसून राहतात. मीठ विरघळतं, काडीपेटी पेटत नाही, कपाटातल्या साड्यांना वास येतो. लाकडाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. खुंट्या फुगून भोकात अडकतात, पेटीच्या पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बुरशी धरते. साहेबांना हे सगळं माहीत होतं. उन्हाळ्यात उलटं होतं, लाकूड आक्रसतं, खुंट्या सरकतात, सरसाने चिकटवलेले सांधे उकलतात, हेही माहीत होतं. मोबाइलवर ते सतत असले व्हिडिओ बघत. त्यांची माहिती खोटी नव्हती, आणि म्हणूनच त्यांचा जास्त राग यायचा. अडाणी माणसाला निदान सांगता तरी येतं.

पावसाळ्यात रोज सकाळी ते यंत्राखालची टाकी बादलीत रिकामी करत आणि बादली घेऊन फाटकाशी उभे राहत. तहसिलात कामाला आलेली डोंगरातली माणसं एसटीतून उतरून त्याच वाटेने जायची. डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, पाय घोट्यापर्यंत चिखलात. साहेब त्यांना थांबवून बादली दाखवत. "हे बघा. हे काल आमच्या लाकडात जाणार होतं." ती माणसं पावसात उभी राहून बादलीतलं पाणी बघत आणि "बराबर हाय साहेब," म्हणत पुढे जात. साहेबांना वाटे, लोकांना आपलं कौतुक आहे. पुढे चहाच्या टपरीवर त्यांच्या बादलीची काय टिंगल होत असे ते त्यांना कधी कळलं नाही.

"हवा सांगून येत नाही, मॅडम," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं, "माणसाच्या श्वासातही पाणी असतं." हे दुसरं वाक्य ते सुमनताईंकडे बघून म्हणत.

कारण तंबोरा सुमनताईंचा होता. त्यांच्या वडिलांचा, अण्णांचा. अण्णा पिंपळवंडीचे, द्राक्षं आणि ऊस करणारे शेतकरी. पण तरुणपणी पुण्यात राहून रीतसर गाणं शिकून आलेले. पंचक्रोशीत भजनाला त्यांना बोलावणं असे. ते गेल्यावर भावाकडे घराचं बांधकाम चाललं होतं, सगळीकडे वाळू-सिमेंट, म्हणून तंबोरा सुमनताईंकडे आला. साहेबांनी तो स्वतः गोधड्यांत गुंडाळून आणला. घोडेगावात आल्यापासून तो खोलीत उभा होता, आणि खोलीची किल्ली साहेबांच्या खिशात.

गाण्याला साहेबांची हरकत नव्हती, हे मात्र खरं. सुमनताई भांडी घासताना, भाजी निवडताना गात. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण त्या गायला लागल्या की मी वर पेपर तपासायचं थांबवून जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसत असे. हरकत होती ती तंबोरा बाहेर काढायला. पावसाळ्यात हवा ओली. हिवाळ्यात सकाळी गार आणि दुपारी ऊन, लाकडाला धक्का बसतो. उन्हाळ्यात कोरडी. वर्षाचे बारा महिने असतात आणि त्यातला एकही तंबोऱ्याच्या सोयीचा नसतो, हे मला त्या घरात कळलं.

"मग मी आत बसून गाते," सुमनताई एकदा माझ्यादेखत म्हणाल्या.

"तासभर गाशील. तासभराचा श्वास कुठे जाईल?" साहेब म्हणाले. अगदी शांतपणे. ते कधी आवाज चढवत नसत. त्यांना ओळखणारे लोक हा त्यांचा गुण म्हणून सांगतात.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळी शाळेची पेटी बिघडली. मधली एक पट्टी दाबली की तशीच खाली राही आणि तो सूर बोंबलत बसे. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्या घरमालकांकडे आहे ना पेटी, दोन तासांसाठी मागून बघा. मी मागितली. साहेबांनी मला बसवलं आणि लाकडाच्या आत बारीक नळ्या कशा असतात, त्या पाणी कसं पितात, हे कागदावर काढून दाखवलं. शाळेच्या सभागृहात किती मुलं बसतात ते विचारलं. "एवढे श्वास!" असं म्हणाले. मग आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. तिच्यात नव्या बुटांच्या खोक्यात असतात तसल्या पांढऱ्या पुड्या होत्या, त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या. "या तुमच्या पेटीत ठेवा. महिनाभरात पट्टी मोकळी होईल."

संमेलन शुक्रवारी होतं.

मुलींनी पेटीशिवाय गाणं म्हटलं. सुमनताई भाजी आणायला म्हणून घरातून निघाल्या आणि शाळेत आल्या. पडद्यामागे उभ्या राहून त्यांनी मुलींना सूर दिला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग खरंच भाजी घेऊन घरी गेल्या, कारण पिशवी रिकामी दिसली असती.

सुमनताईंचा धाकटा भाऊ नाना पिंपळवंडीहून अधूनमधून यायचा. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. येताना द्राक्षं नाहीतर टोमॅटोचा क्रेट आणायचा. त्याच्या शर्टाला कायम औषध फवारणीचा वास येई, म्हणून साहेब त्याला ओसरीतच बसवत. एकदा काचेतून तंबोऱ्याकडे बघत तो म्हणाला, "अवो दाजी, ह्ये वाद्य हाय का दवाखान्यातलं पेशंट हाय? भेटायचं सुदिक काचंतून व्हय?"

"तुमच्याकडे असता तर आतापर्यंत सरपण झालं असतं," साहेब म्हणाले.

"आमच्याकडं व्हता तवा अण्णा रोज वाजवत व्हतं. सैपाकघराच्या भितीला आडकवल्याला असायचा, चुलीच्या उबंला. कदी न्हाई काय झालं."

"नशीब म्हणायचं."

"आसंल. पन नशिबानं आवाज तरी यायचा."

साहेब हसले. आपल्याहून कमी समजणाऱ्या माणसाला द्यावं तसं हसू. ते हसू मी त्यांच्या तोंडावर फार वेळा पाहिलं आहे. बायकोसाठी, मेव्हण्यासाठी, माझ्यासाठी, बादली बघणाऱ्या माणसांसाठी, सगळ्यांसाठी एकच.

माझ्या तिथल्या दुसऱ्या श्रावणात अण्णांची पुण्यतिथी आली. सुमनताईंच्या मनात होतं, की त्या दिवशी अण्णांच्या फोटोसमोर त्यांचाच तंबोरा घेऊन त्यांचं एक आवडतं भजन म्हणावं. फोटोही त्याच खोलीत होता. त्यांनी आठवडाभर आधीपासून विचारायला सुरुवात केली. साहेब नाही म्हणाले नाहीत. "बघू," म्हणाले. "हवा बघू."

श्रावणातली हवा काय असणार! त्या दिवशी सकाळपासून धुकं आणि बुरबुर. सुमनताईंनी नऊवारी नेसली होती, केसांत फूल घातलं होतं. नाना आला होता, मी खाली गेले होते. साहेबांनी काचेतून यंत्राचा काटा बघितला, बाहेर येऊन आकाश बघितलं आणि म्हणाले, "आज शक्यच नाही. पण तुझी सोय केली आहे मी."

त्यांनी मोबाइल काढला. त्यात तंबोऱ्याचं अ‍ॅप होतं. बोट लावलं की चारी तारा आपोआप, न थांबता वाजायला लागत. त्यांनी मोबाइल पाटावर, निरांजनाशेजारी, दाराच्या काचेला टेकवून उभा केला.

"यात लाकूडच नाही," ते म्हणाले. "फुगणार नाही, फुटणार नाही. हवी ती पट्टी लाव."

काचेपलीकडे अण्णांचा फोटो आणि तंबोरा, अलीकडे पाटावर मोबाइल आणि समोर सुमनताई. नाना उठून बाहेर गेला. सुमनताईंनी भजन म्हटलं. पूर्ण म्हटलं. मध्ये एकदा कुणाचा तरी फोन आला आणि सूर बंद होऊन भलतंच गाणं वाजायला लागलं. साहेबांनी तो कापला, अ‍ॅप पुन्हा चालू केलं आणि "हं, म्हण," म्हणाले.

त्या दिवसापासून माझ्या मनातून तो माणूस पार उतरला. दुष्ट माणूस परवडतो, निदान त्याच्याशी भांडता येतं. हा माणूस सोय करत होता.

पुढे उन्हाळा आला. एप्रिल होता, शाळा सकाळची होती. दुपारी मी आणि सुमनताई खाली पुढच्या खोलीत बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होतो. साहेब आत झोपले होते. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, आणि बंद खोलीत यंत्र चालूच होतं. पावसाळा गेला तरी साहेब ते बंद करत नसत. वळवाचा काय भरवसा, असं म्हणत.

एकाएकी आवाज झाला. फळीवर काठी मारावी तसा, एकच. आणि त्याच्यामागून एक तार वाजली. खोल, लांब, घरंगळत गेल्यासारखी, आणि हळूहळू विरली. त्या घरात दोन वर्षं राहून तंबोऱ्याचा आवाज मी ऐकला तो तेव्हा.

सुमनताईंच्या हातातली कुरडई तशीच राहिली.

साहेब बनियनवर धावत आले. किल्ली लावली. दार उघडून आत गेले आणि आधी भिंतीवरच्या यंत्रासमोर उभे राहिले. त्याच्या काचेवर बोटाने टिचकी मारली. "काटा तर बरोबर आहे," म्हणाले. सुमनताई त्यांच्या बाजूने आत गेल्या आणि तंबोऱ्यापुढे खाली बसल्या. भोपळ्यावरच्या लाकडी तबलीला, तारा टेकतात त्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत, सरळ चीर गेली होती. तारा मात्र पूर्ण ताणलेल्या होत्या. वाजवायचा नसला की तारा सैल सोडायच्या असतात, असं सुमनताईंनी मला नंतर सांगितलं. पण त्या सैल करायला हात लावावा लागतो.

"काल कुणी आत आलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"मी आले होते," सुमनताई म्हणाल्या. "तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा."

"कशाला?"

"अण्णांच्या फोटोला हार घालायला."

साहेबांनी फोटोकडे बघितलं. मोगऱ्याचा हार होता, कडा जरा पिवळ्या पडलेला.

"ताजा घातलास?"

"ताजाच."

"म्हणजे ओला." ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. "बघा मॅडम, काय होतं. कोरड्या खोलीत ओली फुलं. हवेला एकदम धक्का. लाकडाने काय करायचं?"

मला हसावं की काही फेकून मारावं, कळेना. सुमनताईंनी वर बघितलंच नाही. त्या चिरेवरून बोट फिरवत होत्या, लहान मुलाच्या डोक्याला लागलेलं बघावं तसं. मग उठल्या, हार काढला, देवघरात नेऊन ठेवला आणि येऊन कुरडया भरायला बसल्या.

सुट्टी लागल्यावर पहिल्या रविवारी सकाळी त्या जिना चढून वर आल्या. "बाई, एक टोक धरायला माणूस हवंय," म्हणाल्या. "मंचरपर्यंत एसटी, पुढं जीपनं. याल का?"

मी खाली गेले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. किल्ली त्यांनी कशी मिळवली ते मी विचारलं नाही. तंबोऱ्याला गवसणी घातलेली होती, वरून दोन गोधड्या. साहेब दाराशी उभे होते.

"बाहेर रखरखीत ऊन आहे," ते म्हणाले.

"असू दे."

"चीर वाढेल."

"वाढू दे. माझ्यासमोर वाढेल."

ते काही बोलतील, आडवे येतील, निदान कुठे जातेस म्हणून विचारतील, असं मला वाटलं. आम्ही दोघी तंबोरा घेऊन बाहेर पडलो, आणि पायरी उतरायच्या आत पाठीमागे दार लागल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. साहेबांनी खोलीचं दार ओढून घेतलं होतं आणि वाकून ते खालची रबराची पट्टी नीट बसवत होते. बाहेरची गरम हवा उरलेल्या तीन वाद्यांवर जात होती ना!

मंचरला नारायणगावची जीप भरत आली होती. मागे बाजाराची माणसं, पाट्या, कोंबड्यांची एक टोपली. गोधडीत गुंडाळलेली लांब वस्तू बघून ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, काय हाय ह्ये? वंगाळ काय न्हाई ना?"

"तंबोरा हाय, बाबा," सुमनताई म्हणाल्या. घोडेगावात इतकी वर्षं 'आहे' म्हणणाऱ्या सुमनताई मंचरच्या स्टँडवर 'हाय' म्हणाल्या. "माज्या वडलांचा. फुटलाय."

ड्रायव्हरने पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला मागे पाठवलं. "उठा पावनं, ह्यास्नी बसू द्या." तंबोरा पुढे बसला, मी त्याच्या एका बाजूला, सुमनताई दुसऱ्या. मागून कुणीतरी विचारलं, "वाजतो का आजून?" सुमनताई म्हणाल्या, "बगू की." आणि हसल्या. त्यांना दात दाखवून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नारायणगावात जीप बदलली आणि दुपारपर्यंत आम्ही पिंपळवंडीला नानाच्या दारात होतो.

जेवताना नानाने एक गोष्ट सांगितली. सुमनताईंच्या लग्नात, ऐन पंगतीत, कुणीतरी अण्णांना विचारलं होतं, जावई गातो का? अण्णा म्हणाले होते, "जावई बेसूर हाय, पन पगार सुरात हाय." सगळी पंगत हसली होती. नवरदेव ताटावर मान घालून जेवत होता.

नाना सांगताना पोट धरून हसत होता. सुमनताई हसल्या नाहीत. "अण्णांनी तसं बोलायला नको व्हतं," म्हणाल्या. "ह्यांच्या लई मनाला लागलं."

मी त्यावर पुष्कळ विचार केला. तो टोमणा साहेबांनी चाळीस वर्षं मनात ठेवला असेल आणि त्याच माणसाचा तंबोरा मुका करून ठेवण्यात त्यांना काही मिळत असेल, असं म्हणता येईल. किंवा त्यांना खरंच वाटत असेल की आपण तो जपतो आहोत. पण कारण कळलं म्हणून माणूस आवडायला लागतो असं नाही. टोमणा अण्णांनी मारला होता. मोबाइलसमोर गायला बायकोला बसवलं होतं.

नानाने तंबोरा मिरजेला नेला. कारागिराने तबली आतून सांधली. "म्हनला, ह्यो कुनी पापडावानी वाळीवलाय?" असं नानाने मला फोनवर सांगितलं. सुमनताईंना मी विचारलं, आवाज पहिल्यासारखा आला का. त्या म्हणाल्या, "नाही. जरा बसका झालाय. माझाही झालाय. जमतंय आमचं."

त्या घोडेगावला परत आल्या नाहीत. साहेब लोकांना सांगत, "हवापालटाला गेलीय." जेवणाचा डबा लावला. मी आणखी काही महिने तिथे राहिले. बादली घेऊन फाटकाशी उभं राहणं चालूच होतं. एकदा जिन्यात भेटले तेव्हा वाटलं, आता सुमनताईंची चौकशी करतील. म्हणाले, "मॅडम, नानांच्या घराला पत्रा आहे की स्लॅब?" मी स्लॅब आहे म्हणून सांगितलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि खाली गेले. मला मंचरला बदली मिळाली तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला गेले, तर खोलीच्या आतून त्यांनी हात केला. दार उघडलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, पुढच्या श्रावणात. अण्णांच्या पुण्यतिथीला नानाने द्राक्षं भरायच्या शेडमध्ये कार्यक्रम ठेवला होता. वर पत्रा, एक बाजू पूर्ण उघडी, जमिनीवर ताडपत्र्या आणि सतरंज्या. गावातली माणसं, बायका, पलीकडच्या वस्तीवरची माणसं, सगळी मिळून शेड भरली होती. बाहेर बारीक पाऊस होता आणि हवा पिळून काढावी इतकी ओली. सुमनताई समोर गादीवर बसल्या होत्या. मांडीशी तंबोरा. चीर जिथे सांधली होती तिथली रेघ लांबूनही दिसत होती.

त्यांनी तारा लावायला घेतल्या. दमट हवेत खुंटी सहज फिरत नव्हती. त्या खुंटी जोर लावून पिळत, तार छेडत, कान लावत, पुन्हा पिळत. बराच वेळ ते चाललं. कुणाला घाई नव्हती. मग चारी तारा एकत्र वाजल्या, शेडभर तो आवाज पसरला आणि सुमनताई थांबल्या. डोळे मिटले.

तेवढ्यात मागून टाळ्या वाजल्या. एकट्याच्या. जोरात, मनापासून.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चपलांच्या ढिगाशी साहेब उभे होते. पांढरा हाफ शर्ट खांद्यांवर भिजून अंगाला चिकटलेला, खिशाला दोन पेनं. छत्री नव्हती. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. आपण एकटेच टाळ्या वाजवतो आहोत हे लक्षात आल्यावर त्यांचे हात तसेच हवेत राहिले. पुढच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

सुमनताईंनी डोळे उघडले. त्यांनी साहेबांकडे बराच वेळ बघितलं. "बसा," म्हणाल्या. "अजून सुरू व्हायचंय."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी सरकलं नाही. नानाने बसल्याबसल्या पायाने एक रिकामा क्रेट मागे ढकलला. साहेबांनी तो उलटा केला, वर तळहात टेकवून बघितला, मग खिशातला रुमाल काढून पुसला, पुन्हा तळहात टेकवला आणि अखेर त्याच्यावर बसले, गुडघे जुळवून.

सुमनताई गायला लागल्या. मी मान पुढे वळवली. साहेबांकडे बघत बसायला मी तिथे गेले नव्हते.